खिडकीपाशी एक खुर्ची

प्रवासाहून परतताना आपल्या बॅगेत काय काय असतं! देवाचा प्रसाद, शेजारणीसाठी कुंकवाचा करंडा, मुलांना चिक्की, जमलंच तर एखादी साडी. पण मैत्रिणींनो, आणखी एक गोष्ट आणता येते, जिला ना पैसे पडत ना वजन. मुक्कामाच्या खोलीतली एखादी कल्पना!

बचत गटाच्या कामानं आणि यात्रेच्या निमित्तानं माझं फिरणं होतं. लॉज, भक्तनिवास, बऱ्यापैकी हॉटेल, सगळीकडे राहून झालंय. खोलीत शिरल्यावर बाकीच्या आधी बाथरूम बघतात, मी भिंती बघते. दहा बाय बाराची तर खोली, मग इतकी शांत का वाटते?

पहिलं कारण उजेड. आपल्याकडे डोक्यावर एकच पांढरीफटक ट्यूब. तिथे पलंगाशी एक दिवा, टेबलाशी एक, तेही पिवळसर. एलईडी बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे पांढरा. स्वयंपाकघरात पांढरा ठीक, झोपायच्या खोलीत पिवळसर लावून बघा.

दुसरं, पडदे. दांडी चौकटीला चिकटून नसते, चांगली वर असते आणि पडदा जमिनीपर्यंत येतो. त्यामुळे छत उंच वाटतं. आरसा खिडकीसमोर असला की उजेड आत खोलवर पसरतो. पांढऱ्या चादरी काही आपल्याला परवडायच्या नाहीत. पण फिकट चादर अंथरून पायथ्याशी सोलापुरी चादरीची लांबट घडी घातली, की झाला हॉटेलातला पलंग!

रामेश्वरच्या यात्रेत आमचा एक मुक्काम तमिळनाडूतल्या कारैकुडीला होता. हा चेट्टिनाडचा भाग. इथल्या चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेशातलं सागवान आणून मोठमोठी घरं बांधली. आपल्या वाड्यासारखाच मधोमध चौक. त्यातल्या काही घरांची आता हॉटेलं झालीत. पायाखाली अथंगुडी गावच्या फरशा. काचेवर साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओतायचं, मागून वाळू-सिमेंटचा थर द्यायचा, मग पाण्यात मुरवून वाळवायचं. भट्टी नाहीच! वापरून वापरून या फरशीची चमक वाढते म्हणे. जुन्या घरात शहाबादी फरशी किंवा लाल कोबा असेल, तर त्यावर प्लास्टिकची चटई अंथरू नका. घासून, पुसून बघा, तीच घराची शोभा असते.

पण या सगळ्या खोल्यांतली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे खिडकीपाशी ठेवलेली खुर्ची. शेजारी चहाचा कप मावेल एवढं टेबल. खास पाहुण्यासाठी! घरात मात्र सासऱ्यांची आरामखुर्ची ठरलेली, मुलाचं अभ्यासाचं टेबल ठरलेलं, टीव्हीसमोरची जागा ह्यांची. आणि आपली?

गटाच्या बैठकीत मी हे विचारलं. सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "ताई, आपली जागा वट्यापाशी!" दुसरी म्हणाली, "गटाचं पासबुक मी तांदळाच्या डब्यात ठेवते, दुसरी जागाच नाही." यावर मात्र कुणी हसलं नाही.

बी.ए.ला असताना व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२९ सालच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' या पुस्तकाबद्दल ऐकलं होतं. बाईला लिहायचं असेल तर हाती पैसा आणि स्वतःची खोली हवी, असं त्यांचं म्हणणं. दोन खोल्यांच्या संसारात तिसरी खोली कुठून आणणार? पण कोपरा तर मिळेल!

आमच्यातल्या एकीनं खिडकीखाली लोखंडी ट्रंक ठेवली, वर जुनी गोधडी घातली, भिंतीला पिशवीसाठी एक खुंटी ठोकली. दुपारी तासभर ती तिथे बसून गटाचा हिशेब लिहिते. त्या वेळात घरातलं कुणी तिला हाक मारत नाही. पासबुकही आता ट्रंकेत असतं, किल्ली तिच्याकडे.

तेव्हा पुढच्या मुक्कामी खोली नीट बघा. पडदे, दिवे सावकाश होतील. आधी खिडकीपाशी आपली जागा करा. खुर्ची जुनी असली तरी चालेल. फक्त तिच्यावर दोरीवरचे वाळलेले कपडे कुणाला टाकू देऊ नका!