वीस मीटर खोलीवरचे कदमत

कदमत हे लक्षद्वीप समूहातले एक चिंचोळे बेट आहे. लांबी सुमारे नऊ किलोमीटर, रुंदी सर्वांत रुंद भागातही अर्ध्या किलोमीटरच्या आसपास, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची फार तर काही मीटर. बेटाच्या पश्चिमेला उथळ, हिरवट-निळ्या पाण्याचे लगून पसरले आहे. लगूनच्या बाहेरच्या कडेला प्रवाळ भित्तिका आहे आणि तिच्यापलीकडे तळ झपाट्याने खोल जातो. स्कूबा डायव्हिंग मुख्यतः भित्तिकेच्या या बाहेरच्या उतारावर चालते. हंगाम ऑक्टोबर ते मेचा पूर्वार्ध. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटा भित्तिकेवर आदळत राहतात, आणि तेव्हा छोट्या होडीने बाहेर पडणेच शक्य नसते.

ही भित्तिका ज्या पायावर उभी आहे, त्याचे नाते महाराष्ट्राच्या पठाराशी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्तस्थळावरून जात असताना दख्खनचा काळा बेसॉल्ट बाहेर ओतला गेला. तप्तस्थळ जवळपास जागेवरच राहिले, भारत मात्र उत्तरेकडे सरकत गेला. त्या वाटचालीत मागे उमटलेला ज्वालामुखींचा माग लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस या समुद्राखालच्या कण्याच्या रूपाने राहिला, असे भूशास्त्रज्ञ मानतात. आज तेच तप्तस्थळ मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन बेटाखाली जागे आहे. सह्याद्रीचे कडे आणि लक्षद्वीपचा बुडालेला पाया ही एकाच दीर्घ घटनेची दोन टोके आहेत.

कदमतवर मात्र काळा दगड कुठेही दिसत नाही. इथली वाळू आणि वाळूखालचा दगड प्रवाळांनी, शिंपल्यांनी आणि अंगात चुना साठवणाऱ्या शैवालांनी तयार केलेला आहे. याचा उलगडा चार्ल्स डार्विन याने १८४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवाळ भित्तिकांवरील ग्रंथात केला. ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते आणि त्याच्या किनाऱ्याभोवती वाढणारे प्रवाळ तितक्याच गतीने वरवर बांधत राहतात. शेवटी मधले बेट पाण्याखाली नाहीसे होते आणि उरते ती प्रवाळांची कडा व तिच्या आतले लगून, म्हणजेच कंकणद्वीप. या तर्काचा भक्कम पुरावा मिळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. १९५२ साली पॅसिफिकमधल्या एनिवेटोक या कंकणद्वीपावर खोल विंधन करण्यात आले, तेव्हा १,२०० मीटरहून अधिक जाडीच्या चुनखडकाखाली ज्वालामुखीचा दगड लागला.

कदमतला नदी नाही, ओढाही नाही, त्यामुळे गाळही नाही. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीही प्रवाळ आहेत आणि तिथे बुडी मारणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पण कोकणच्या खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे तिथली दृश्यता बरेचदा थोड्या मीटरांपुरतीच राहते. लक्षद्वीपच्या पाण्यात चांगल्या दिवशी पंचवीस-तीस मीटरपर्यंतचे दिसते. नितळ पाण्याचा अर्थ मात्र त्यात पोषणद्रव्ये फार कमी आहेत असा होतो. जवळजवळ उपाशी पाण्यात इतकी गजबजलेली वसाहत कशी पोसली जाते, हा प्रवाळांच्या विज्ञानातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे. त्याचे उत्तर उतारावर पोचल्यावर मिळते.

नवख्याची सुरुवात लगूनमध्ये होते. छाती-डोके बुडेल इतक्या पाण्यात त्याला तोंडाने श्वास घेणे, मुखवट्यात शिरलेले पाणी नाकाने हवा सोडून बाहेर काढणे आणि कानांवरचा दाब सांभाळणे शिकवले जाते. लगूनच्या तळाशी काही भागांत समुद्री गवताची कुरणे आहेत. तिथे हिरवी समुद्री कासवे चरतात. अगत्ती आणि कदमतच्या लगूनमध्ये कासवांची संख्या वाढल्यावर त्यांनी ही कुरणे अक्षरशः खुरटी करून टाकल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

भित्तिकेबाहेर उतरताना पाणबुड्याला पहिली जाणीव होते ती दाबाची. पृष्ठभागावर शरीरावर एक वातावरणाचा दाब असतो आणि पाण्यात दर दहा मीटरला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो, कारण तेवढ्या अंतरात बंदिस्त हवेचे आकारमान निम्मे होते. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीला हा फरक लगेच जाणवतो. म्हणून नाक चिमटीत धरून हलकेच हवा ढकलायची आणि हे दुखायला लागण्याआधी, दर मीटरभराला करायचे. कान दुखू लागल्यावर जोर लावणे धोक्याचे. थोडे वर जाऊन पुन्हा प्रयत्न करणे हाच मार्ग.

आजूबाजूच्या दाबाइतक्याच दाबाची हवा फुप्फुसात गेली नाही, तर छातीचे स्नायू श्वास घेऊच शकत नाहीत. ही अडचण १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांच्या रेग्युलेटरने सोडवली. टाकीतली प्रचंड दाबाची हवा तो पाणबुड्याच्या खोलीशी जुळवून, आणि श्वास घेईल तेव्हाच, सोडतो. त्याची किंमत हवेच्या खर्चात मोजावी लागते. शांत श्वास घेणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला वीस लिटर हवा वापरतो असे धरले, तर वीस मीटर खोलीवर तो टाकीतली साठ लिटर वापरतो. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने २,४०० लिटर हवा भरलेली असते. ५० बार राखीव ठेवल्यास १,८०० लिटर उरते, म्हणजे वीस मीटरवर जेमतेम अर्धा तास. घाबरलेला माणूस हीच हवा निम्म्या वेळात संपवतो.

खाली रंगही बदलतात. पाणी लाल प्रकाश आधी शोषते. पाच-सात मीटरवरच लाल रंग मळकट तपकिरी दिसू लागतो, पुढे नारिंगी आणि मग पिवळा फिका पडत जातो. वीस मीटरवर सगळ्यावर निळी छाया असते. तिथे बोट कापले तर रक्तही हिरवट दिसते. टॉर्चचा प्रकाश टाकला की निळसर राखाडी वाटणारी फट एकदम लालभडक स्पंजांनी भरलेली निघते. मुखवट्यातल्या हवेमुळे प्रकाशाचे वक्रीभवन होऊन वस्तू जवळ आणि सुमारे तिसऱ्या हिश्शाने मोठ्या भासतात. ध्वनी पाण्यात हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने धावतो. तो दोन्ही कानांवर जवळपास एकाच वेळी आदळतो, त्यामुळे होडीचा आवाज ऐकू येतो पण दिशा कळत नाही. पाणी २८ अंशांचे असले तरी अंगातली उष्णता ते हवेपेक्षा कितीतरी लवकर ओढून घेते. म्हणून विषुववृत्ताजवळही पातळ वेटसूट घालावा लागतो.

उताराच्या माथ्यावर, पाच ते दहा मीटरच्या पट्ट्यात, सर्वाधिक गर्दी असते. पावडरी निळ्या रंगाचे सर्जनफिश थव्याने शैवाल खुडतात. पोपटमासे चोचीसारख्या दातांनी दगड खरवडतात, त्यावरचे शैवाल खातात आणि दळलेला चुना मागे सोडतात. बेटाच्या पांढऱ्या वाळूचा मोठा वाटा त्यांचाच आहे. क्लीनर रास हा बोटाएवढा मासा एका ठरलेल्या जागी थांबतो आणि त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे मासे तोंड उघडून त्याच्याकडून परजीवी साफ करून घ्यायला येतात. थोडे खाली निळ्या पट्ट्यांचे पिवळे स्नॅपर, कपारीत मोरे वाम, वाळूवर निजलेला पांढऱ्या टोकाचा शार्क. भित्तिकेपासून दूर, मोकळ्या निळ्या पाण्यात, नशीब असेल तर मांटा रे.

या साऱ्यांचे घर बांधणारा प्राणी काही मिलिमीटरांचा असतो. प्रवाळ म्हणजे हजारो पॉलिपांची वसाहत. प्रत्येक पॉलिप स्वतःखाली चुन्याचा पेला बांधतो आणि त्याच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाले राहतात. ही शैवाले सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि पॉलिपच्या ऊर्जेच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत वाटा पुरवू शकतात. बदल्यात त्यांना आसरा आणि पॉलिपने टाकलेली नत्र-स्फुरदयुक्त द्रव्ये मिळतात. पाण्यात जे फारसे नाही ते आतल्या आतच फिरत राहते. उपाशी पाण्यातल्या समृद्धीचे रहस्य हेच. म्हणूनच प्रवाळांची बांधणी उजेड पोचतो त्या वरच्या थरात सर्वांत जोमदार असते, आणि हवेचा पुरवठा व शरीरात विरघळणारा नायट्रोजन यांच्या मर्यादेत राहून माणसाला सुरक्षितपणे रेंगाळता येते तो थरही नेमका हाच आहे. फांद्यांचे अ‍ॅक्रोपोरा वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वाढू शकतात. गोलाकार पोराइट्स साधारण एक सेंटिमीटर. पाणबुड्याच्या पायातल्या फिनचा एक फटका फांदीची काही वर्षे मोडतो, पोराइट्सच्या गोळ्यावर ठेवलेला गुडघा त्याहून जुन्या वसाहतीच्या ऊती चिरडतो.

या भागीदारीला उष्णता सोसत नाही. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एक-दीड अंशाने वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिले, की शैवालांचे प्रकाशसंश्लेषण बिघडते, त्यातून अपायकारक ऑक्सिजनयुक्त द्रव्ये तयार होतात आणि पॉलिप शैवालांना बाहेर टाकतो. पारदर्शक ऊतींमधून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवले तर सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो आणि सांगाड्यावर शेवाळ चढते. लक्षद्वीपमध्ये १९९८च्या एल निनोत प्रवाळांची मोठी हानी झाली. पुढे २०१० आणि २०१६ मध्ये, आणि पुन्हा २०२४ मध्ये विरंजन झाले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथे १९९८ ते २०२२ या काळात केलेल्या निरीक्षणांनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून २० टक्क्यांच्या खाली आले. चोवीस वर्षांत जवळपास निम्मे, ही घट भयावह आहे.

सावरण्याची क्षमता मात्र संपलेली नाही. १९९८ नंतर पश्चिमेकडच्या भित्तिका पूर्वेकडच्यांपेक्षा लवकर भरल्या. त्यामागे पावसाळी लाटा-प्रवाहांचा हात असल्याचे संशोधकांना आढळले. आणखी एक कारण बेटांवरच्या लोकांच्या मासेमारीत आहे. इथला मुख्य व्यवसाय गळ-काठीने खोल समुद्रात ट्यूना पकडण्याचा. त्यामुळे भित्तिकेवरचे शैवालभक्षी मासे बराच काळ वाचले, शेवाळ आटोक्यात राहिले आणि नव्या प्रवाळांना बसायला मोकळा दगड मिळाला. बेटवासीयांनी या समुद्रावर केलेले हे मोठे उपकार आहेत. दोन विरंजनांमधले अंतर मात्र कमी होत चालले आहे आणि भित्तिकेला नेमका हवा असतो तो वेळच मिळेनासा झाला आहे. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत; किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालून नेता येत नाही.

वर येण्याचे नियम खाली जाण्याच्या नियमांपेक्षा कडक आहेत. श्वास कधीही रोखायचा नाही, कारण दाब घटताना फुप्फुसातली कोंडलेली हवा फुगते आणि शेवटच्या काही मीटरांत ती फुप्फुस फाडू शकते. दुसरा धोका नायट्रोजनचा. वाढलेल्या दाबाखाली हा वायू रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत राहतो. पाणबुड्या झपाट्याने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातापायांना मुंग्या येतात, गंभीर प्रसंगी अर्धांगवायू होतो. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग ठेवत नाहीत आणि पाच मीटरवर सुमारे तीन मिनिटे थांबतात. पहिल्या पातळीच्या प्रशिक्षणाची मर्यादा १८ मीटर असते, पुढच्या प्रशिक्षणानंतर ३० मीटर. त्याहून खोल गेल्यास नायट्रोजनमुळे दारू प्यायल्यासारखी गुंगी येऊ लागते.

पाण्याबाहेर आल्यावरही ऊतींमधला नायट्रोजन पूर्ण निघायला बरेच तास लागतात. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असल्याने उरलेला वायू तिथे बुडबुडे धरू शकतो. एकाच साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक दिवस वा अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. लक्षद्वीपचा एकमेव विमानतळ अगत्तीला आहे. त्यामुळे तिथून उडणाऱ्याला कदमतवरची शेवटची बुडी आदल्या दिवशी दुपारच्या आत आटोपावी लागते. कोचीला जहाजाने परतणाऱ्याला ही अट लागू होत नाही.