केशप्रकृती आणि कंडिशनर : निवड व वापर

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील आपल्या चिकित्सालयांत केसांविषयी तक्रार घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढत आहे. पूर्वी ‘कोणते तेल लावू?’ हा प्रश्न असे. आता त्याजोडीला ‘कोणता कंडिशनर लावू?’ असेही विचारले जाते. हा विषय सौंदर्यप्रसाधनांचा, वैद्यांचा नव्हे, असे म्हणून आपण तो टाळला तर रुग्ण जाहिरातीचा सल्ला घेतो. म्हणून हे द्रव्य काय करते व कोणास द्यावे, याचा विचार येथे संक्षेपाने करीत आहोत.

कंडिशनरचे कार्य

केस हा केराटिन या प्रथिनाचा तंतू असून त्यावर कौलांप्रमाणे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे आवरण असते. शांपूने मळाबरोबर नैसर्गिक स्नेहही निघून जातो आणि केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार उरतो. कंडिशनरमधील धन भाराची द्रव्ये (सेट्रिमोनियम, बेहेंट्रिमोनियम इत्यादी) तेथे चिकटतात. सिटाइल अल्कोहोलसारखी मेदद्रव्ये व सिलिकोन मऊपणा आणतात. घर्षण कमी होते, गुंता सुटतो, केस तुटत नाहीत. शेंडे अधिक झिजलेले असल्याने तेथे ऋण भार अधिक असतो व कंडिशनरही तेथेच अधिक बसतो. मात्र मुळापासून होणारी केशच्युती याने थांबत नाही. चरकाचार्यांनी केशांना अस्थिधातूचा मल म्हटले आहे; म्हणजे केसाची उत्पत्ती धातुपोषणावर अवलंबून आहे, वरून लावलेल्या लेपावर नाही. केस मध्येच तुटतो की मुळासकट गळतो, हे आधी पाहावे. मुळासकट गळत असेल तर पांडू, थायरॉइडचे विकार, प्रसूती, दीर्घ ज्वर यांचा शोध घेणे हेच आपले पहिले कर्तव्य होय.

प्रकृतीनुसार निवड

वातप्रधान केस रूक्ष, स्फुटित व कुरळे असतात. त्यांना मेदद्रव्ये अधिक असलेला दाट कंडिशनर प्रत्येक धुण्यानंतर द्यावा आणि धुण्यापूर्वी तेलाचा अभ्यंग ठेवावा.

पित्तप्रधान केस मृदू, विरळ व लवकर पिकणारे. यांना पातळ, हलका कंडिशनर अल्प प्रमाणात पुरे. केस रंगवण्याकडे यांचा कल लवकर होतो. रंगवलेल्या किंवा सरळ केलेल्या केसांचे आवरण झिजलेले असल्याने त्यांना मात्र कंडिशनर नियमित लागतो.

कफप्रधान केस घन, स्निग्ध व बळकट. यांना कंडिशनर केवळ शेंड्यांपुरता, तोही गुंता होत असेल तरच द्यावा.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी बदलापूरहून रोज लोकलने मुंबईस जाणारी एक तरुणी कोंड्याची तक्रार घेऊन आमच्याकडे आली. दारुणक म्हणून आम्ही रोज रात्री सिद्ध तेल व आठवड्यातून एकदा केशप्रक्षालन सांगितले. टाळूही कोरडी राहू नये म्हणून कंडिशनर मुळापर्यंत लावण्यास आम्हीच संमती दिली. महिन्याभराने कंडू वाढून ती परत आली. नीट पाहिले असता खपल्या कोरड्या नव्हत्या, चिकट व पिवळसर होत्या. कफानुबंध आमच्या नजरेतून सुटला होता. अशा टाळूवरील बुरशी स्नेहावरच पोसते. रात्रभराचे तेल बंद केले, धुणे आठवड्यातून तीनदा केले, कंडिशनर फक्त शेंड्यांना ठेवला. मग उतार पडला. कंडिशनर हा केसांचा आहे, टाळूचा नाही, हा धडा आम्हांस त्या रुग्णेने दिला.

पाणी व तेल

उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडले की अनेक इमारतींत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येते. ते पुष्कळदा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार केसांवर बसून केस राठ होतात. अंगाच्या साबणाने केस धुतल्यास चिकट थरही बसतो. ‘कंडिशनर लागू पडत नाही’ असे रुग्ण म्हणाला तर आधी पाण्याची चौकशी करावी. अखेरचे धुणे नळाच्या साठवलेल्या पाण्याने करण्यास सांगावे. डोक्यावर उष्ण पाणी घेणे केस व नेत्र यांस अहितकर, हा वाग्भटाचार्यांचा उपदेशही येथे स्मरावा.

खोबरेल तेलाविषयी मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील रेळे व मोहिले यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. खोबरेल, सूर्यफूल व खनिज तेल यांची तुलना करता केवळ खोबरेलाने केसांतील प्रथिनांची झीज कमी झाली. लॉरिक आम्लाचा लहान, सरळ रेणू केसात शिरतो, हे त्याचे कारण त्यांनी दिले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनही हा निष्कर्ष आपल्या परंपरेशी जुळतो. म्हणून धुण्यापूर्वी खोबरेल व धुण्यानंतर कंडिशनर, असा क्रम रूक्ष केसांना सांगण्यास हरकत नाही.

वापराची रीत

शांपूनंतर केसांतील पाणी पिळून काढावे. कंडिशनर मध्यापासून शेंड्यांपर्यंत लावून दोन-तीन मिनिटे ठेवावा, मोठ्या दातांच्या फणीने गुंता काढावा व कोमट पाण्याने धुवावे. घरगुती पर्याय हवा असल्यास जवस किंवा मेथीचा गाळलेला बुळबुळीत काढा ताजा वापरावा. तो टिकत नाही. साठवून विकू नये.

औषधविक्रेत्यांस विनंती

पार्लरसाठीचा मोठ्या डब्यातील कंडिशनर सुट्या बाटल्यांत भरून विकू नये. उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व वापराची मुदत पाहूनच माल ठेवावा. ‘हर्बल’ हा शब्द वाचून थांबू नये, मागील घटकसूची वाचावी. भृंगराज सूचीच्या शेवटी असेल तर त्याचे प्रमाणही तेवढेच असते. आणि केस मूठ-मूठ गळतात असे सांगणाऱ्या ग्राहकास बाटली देण्यापूर्वी जवळच्या वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री बुडेल, परंतु एखाद्या भगिनीचा पांडू वेळेत कळेल.

इत्यलम्।