नकार आणि संघटना : नास्तिकांच्या उदासीनतेची मीमांसा

नास्तिकांची संघटना उभी राहत नाही, उभी राहिली तर टिकत नाही आणि टिकली तर वाढत नाही, अशी तक्रार त्या वर्तुळातील कार्यकर्तेच वरचेवर करीत असतात. या तक्रारीचे कारण सामान्यतः स्वभावात शोधले जाते. नास्तिक मनुष्य व्यक्तिवादी असतो, कोणाच्या मागे जाणे त्याला रुचत नाही, तो वादात रमतो पण वर्गणी देत नाही, असे म्हटले जाते. हे निदान अगदीच खोटे नसले तरी अपुरे आहे. कारण तोच मनुष्य कामगार संघटनेत, ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळात किंवा सहकारी गृहसंस्थेत वर्षानुवर्षे निष्ठेने काम करताना आढळतो. तेव्हा उणीव माणसात नसून, ज्या गोष्टीभोवती त्याला एकत्र यावयास सांगितले जाते तिच्या स्वरूपात असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. प्रस्तुत लेखात हे स्वरूप प्रथम शब्दाच्या अंगाने आणि नंतर इतिहासाच्या अंगाने तपासावयाचे आहे.

१. शब्दाचा विचार

पाणिनीने ‘आस्तिक’, ‘नास्तिक’ आणि ‘दैष्टिक’ हे तीन शब्द एकाच सूत्रात सिद्ध केले आहेत. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक, ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. टीकाकारांनी तेथे परलोक गृहीत धरला. मनुस्मृतीने वेदाची निंदा करणाऱ्याला नास्तिक ठरविले. आजच्या मराठीत ‘नाही’चा कर्ता ईश्वर आहे. यामुळेच ईश्वराची गरज न मानणारी पूर्वमीमांसा आणि निरीश्वर सांख्य ही दर्शने आस्तिकांच्या पंक्तीत बसली, तर बौद्ध आणि जैन नास्तिकांत गणले गेले. ‘नास्तिक’ हे एखाद्या समूहाने स्वतः होऊन घेतलेले नाव क्वचितच होते. बहुधा ते इतरांनी दिलेले नाव होते, आणि त्याचा अर्थही देणाऱ्याच्या सोयीने बदलत गेला.

व्याकरणपरंपरेने नकाराचे दोन प्रकार मानले आहेत : पर्युदास आणि प्रसज्यप्रतिषेध. ‘अब्राह्मणाला घेऊन ये’ असे सांगितले असता ऐकणारा मातीचे ढेकूळ घेऊन येत नाही; तो ब्राह्मणाहून भिन्न परंतु त्याच्यासारखाच कोणी मनुष्य आणतो. येथे नकार एका गोष्टीला वगळतो आणि त्याच वेळी दुसऱ्या कशाचा तरी बोध करून देतो. हा पर्युदास होय. उलट ‘येथे घट नाही’ या वाक्यात केवळ अभाव सांगितला आहे. घटाच्या जागी काय आहे, याचा त्यातून काहीही बोध होत नाही. हा प्रसज्यप्रतिषेध होय.

‘ईश्वर नाही’ हे विधान या दुसऱ्या जातीचे आहे. ते खरे मानल्याने सकाळी उठून काय करावे, विवाह कसा करावा, शेजाऱ्याशी कसे वागावे, यांपैकी काहीच निष्पन्न होत नाही. दोन नास्तिकांत हे एक विधान सोडल्यास दुसरे काहीही समान नसू शकेल. एक साम्यवादी असेल, दुसरा खाजगी भांडवलाचा पुरस्कर्ता. याउलट श्रद्धावंताच्या ‘आहे’मागून एकादशी येते, वारी येते, शुक्रवारचा नमाज आणि रविवारची उपासना येते. त्याला संघटित होण्यासाठी दर वेळी पटवून द्यावे लागत नाही. पंचांग ते काम करते. नकाराला मात्र तिथी नसते.

‘उदासीन’ या शब्दाचीही येथे दखल घ्यावयास हवी. उद् आणि आसीन मिळून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ बाजूला बसलेला असा आहे. कौटिल्याच्या मंडलसिद्धान्तातील उदासीन राजा दुर्बल नसतो. तो समर्थ असूनही वेगळा राहिलेला असतो. नास्तिकांची उदासीनता बहुधा या अर्थाची आहे. त्यांचे मत कच्चे नसते. त्या मताने त्यांना उठून यावयास भाग पाडलेले नसते, इतकेच.

२. इतिहासाचा पुरावा

या विवेचनाची कसोटी प्राचीन काळापासून घेता येते. बौद्ध आणि जैन हे वैदिकांच्या दृष्टीने नास्तिक. तरीही त्यांचे संघ शतकानुशतके टिकले, कारण त्यांच्यापाशी नकाराखेरीज विनयाचे नियम होते, वर्षावास होता, ठराविक दिवशी एकत्र येण्याची शिस्त होती. लोकायतिकांचा असा संघ टिकल्याचे दिसत नाही. त्यांची मते आपणास मुख्यतः प्रतिपक्षाच्या ग्रंथांतून, विशेषतः चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहातून कळतात. जयराशीचा तत्त्वोपप्लवसिंह हा या परंपरेशी जोडला जाणारा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला तो १९४० मध्ये, बडोद्यास. ग्रंथ जपून ठेवणे, त्यांच्या प्रती करणे हे काम संघ करतो. ज्यांना संघ नाही त्यांची बाजू विरोधकांच्या शब्दांत उरते.

अर्वाचीन काळातील बोधप्रद उदाहरण इंग्लंडचे आहे. चार्ल्स ब्रॅडलॉ यांनी १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. १८८० मध्ये ते नॉर्दॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आले. परंतु शपथेच्या प्रश्नावरून त्यांना आसन नाकारण्यात आले. मतदारांनी त्यांना पुनःपुन्हा निवडून दिले आणि १८८६ मध्ये ते अखेर सभागृहात बसले. १८८८ च्या कायद्याने ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा अधिकार सर्वांना मिळाला. पुढील वर्षी ते मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास आले होते. या झगड्याच्या वर्षांत सोसायटीचा जोर सर्वाधिक होता. झगडा जिंकला गेला आणि १८९१ मध्ये ब्रॅडलॉ निवर्तले, तसा तो ओसरला. सभासदांना एकत्र ठेवणारी गोष्ट अन्याय ही होती, नास्तिक्य नव्हे, असेच यावरून म्हणावे लागते.

मॅन्कर ऑल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये सामूहिक कृतीविषयी जो सिद्धान्त मांडला, तो येथे उपयुक्त आहे. जे फळ सर्वांना सारखेच मिळावयाचे, त्यासाठी प्रत्येकाने कष्ट करावेत असे कारण उरत नाही. दुसऱ्यांनी केलेल्या श्रमांचा लाभ घरबसल्या होतो. ब्रॅडलॉ यांनी सहा वर्षे ठोठावलेले दार आपल्याकडे राज्यघटनेनेच उघडून ठेवले. तिच्या तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय आहेत. विवाहाची गोष्टही अशीच. १८७२ च्या कायद्याखाली नोंदणी विवाह करणाऱ्यास आपण अमुक अमुक धर्म मानीत नाही असे जाहीर करावे लागत असे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढून टाकली. हे इष्टच झाले. परंतु नकार उघडपणे उच्चारण्याचा एक प्रसंगही त्याबरोबर गेला. २०११ च्या जनगणनेत स्वतःस नास्तिक म्हणवून घेणाऱ्यांची नोंद देशभरात सुमारे ३३ हजार एवढीच झाली. नास्तिकांची खरी संख्या एवढीच असेल असे मानणे कठीण आहे. आपण नास्तिक आहोत असे सांगण्याची गरज ज्यांना भासली, त्यांची ही संख्या होय.

३. नकाराचे रूपांतर

ज्या चळवळी टिकल्या त्यांनी काय केले? त्यांनी प्रसज्यप्रतिषेधाचे पर्युदासात रूपांतर केले. म्हणजे नकाराच्या जागी काय येते हे कृतीने दाखविले.

नॉर्वेत किशोरवयीनांसाठी चर्चबाह्य दीक्षासमारंभ १९५१ मध्ये सुरू झाला आणि मानवनिष्ठांचा संघ १९५६ मध्ये स्थापन झाला. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी समारंभ, मग संघ. सुमारे ५५ लाख लोकवस्तीच्या त्या देशात या संघाचे सभासद आज एक लाखाहून अधिक आहेत. सभासदसंख्येच्या प्रमाणात मिळणारे सरकारी अनुदान हेही त्याचे एक कारण आहे, हे खरे. परंतु माणसे प्रथम येतात ती मुलाच्या समारंभासाठी. याउलट इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ३७.२ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे लिहिले, तरी तेथील नास्तिकांच्या संघटना या संख्येच्या मानाने अगदीच लहान आहेत.

तमिळनाडूत पेरियार यांनी १९२५ मध्ये सुरू केलेल्या स्वाभिमान चळवळीने पुरोहिताविना विवाह लावले, आणि १९६७ च्या दुरुस्ती कायद्याने त्या विवाहांना वैधता मिळाली. आंध्रात गोरा यांनी १९४० मध्ये मुदुनूर येथे काढलेले नास्तिक केंद्र १९४७ मध्ये विजयवाड्यास गेले. अस्पृश्यतानिवारण आणि सहभोजन हे त्याचे नित्याचे कार्य होते. दोन्ही ठिकाणी ‘नाही’च्या जोडीला जातिविरोधाचा ‘आहे’ होता.

महाराष्ट्रातील चित्र संमिश्र आहे. जोतीराव फुले यांचा सत्यशोधक समाज (१८७३) निर्मिकाला मानणारा, म्हणून त्यास नास्तिक म्हणता येणार नाही. परंतु पुरोहिताशिवाय विवाह लावल्याने तो गावोगाव पोहोचला. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला, रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून १९५३ पर्यंत चालले. दोघांनीही निबंधांचा ठेवा मागे ठेवला, संघ ठेवला नाही. १९८९ मध्ये नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने निराळी वाट धरली. देवाधर्माला आपला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला आहे, अशी भूमिका घेतल्याने श्रद्धावंतही तिच्यात आले आणि काम जिल्ह्याजिल्ह्यांत पसरले. या यशाची किंमतही स्पष्ट आहे : समिती वाढली, तरी नास्तिकाची नास्तिक म्हणून बाजू मांडणे हे तिचे काम राहिले नाही.

४. एक आक्षेप आणि निष्कर्ष

समारंभ, सभासदत्व आणि दिनविशेष आले की संप्रदाय आलाच, मग ज्यातून बाहेर पडलो त्यातच पुन्हा का शिरावे, असा आक्षेप विचारी नास्तिक घेतात. हा आक्षेप हलका नाही. परंतु संप्रदाय समारंभाने होत नाही. शंका घेण्यास मज्जाव झाला की होतो. शिवाय एकटे राहण्याचीही किंमत असते. दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली. त्यांच्यामागे संघटना होती म्हणून काम थांबले नाही आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदाही झाला. एकट्या लेखकावर असा प्रसंग आला असता त्याच्या कामाचे काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

याहून साधा प्रसंग सर्वांवरच यावयाचा आहे. आयुष्यभर कोणताही विधी न मानलेल्या माणसाने देहदानाचा अर्ज भरून ठेवलेला असतो. तो गेल्यावर वैद्यकीय महाविद्यालयाला कळवावयाचे कोणी, आणि घरात दर्भ व पिंडाची तयारी सुरू झाली असता ‘त्यांची इच्छा निराळी होती’ असे सांगावयाचे कोणी? प्रत्यक्षात निर्णय नातेवाइकांच्या हाती असतो. जिवंतपणी नकार एकट्याने पाळता येतो. मृत्यूनंतर तो इतरांनीच पाळावा लागतो. नास्तिकांना संघटित करू इच्छिणाऱ्याने ईश्वर नाही हे त्यांना पुन्हा पटवीत बसू नये; ते त्यांना पटलेलेच आहे. अशा वेळी दारात उभी राहतील अशी चार माणसे त्याने आधी जोडावीत.