उसापलीकडची विहीर

मामांची विहीर घरापासून साडेसहाशे मीटरवर. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीचीच, त्यामुळे मोटार चालू करण्याआधी बॅटरी घेऊन बांधावरून जायचं आणि पाणी किती आहे ते बघायचं. "तू ते सर्किटबिर्किट करतोस नव्हं? मग घरात बसून कळंल असं कायतरी कर की," मामा दिवाळीत म्हणाले. पातळी मोजण्याचं काम दोन दिवसांत झालं. तो आकडा घरापर्यंत आणण्यात मात्र वर्ष गेलं.

पुण्यात तपकीर गल्लीत वायरलेस मॉड्यूल मागितलं की पहिला प्रश्न येतो, "रेंज किती पाहिजे?" मी हजार मीटर सांगितलं आणि लांब अँटेनावालं एनआरएफ२४ घेऊन आलो. २.४ गिगाहर्ट्झचं, स्वस्त, आणि आर्डुइनोसाठी तयार लायब्ररी. टेबलावरच ते रुसलं: दहा पाकिटं पाठवली की चार पोचायची. दोष रेडिओचा नव्हता. उनोची ३.३ व्होल्टची पिन जेमतेम ५० मिलिअँपिअर देते आणि हे अँटेनावालं मॉड्यूल प्रक्षेपणाच्या क्षणी शंभराच्या वर ओढतं. वेगळा रेग्युलेटर लावला, मॉड्यूलच्या पायांनाच १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर डकवला, आणि सगळं सुरळीत झालं. मॉड्यूल खराब म्हणून परत करायला निघालेल्या निम्म्या लोकांना हा कपॅसिटरच हवा असतो, असं माझं मत आहे.

जानेवारीत उसाची तोड झालेली, रान मोकळं. विहिरीवरून ओसरीत आकडे धडाधड आले. मी खूश होऊन पुण्याला परतलो.

गणपतीत गेलो तर खोडवा डोक्याच्या वर गेलेला आणि घरातला डिस्प्ले मुका. ऊस म्हणजे पाण्यानं भरलेली भिंतच, आणि २.४ गिगाहर्ट्झची लहर पाल्यात चटकन मुरते. पाऊस पडून पानं ओली झाली की आणखीच. अंतर तेच होतं. दुकानात मी मीटर सांगितले होते, मध्ये काय उभं राहणार हे सांगितलंच नव्हतं.

मग बाकीचे पर्याय. ईएसपी८२६६चं वायफायही २.४चंच, म्हणून ते बाद. ४३३ मेगाहर्ट्झची ती स्वस्त जोडी आधी एकदा वापरली होती. तिचा रिसीव्हर कोणी बोलत नसतानाही अखंड खरखर ऐकवतो, त्यातून आपला आकडा निवडत बसा. शेवटी लांब पल्ल्याचं लोरा मॉड्यूल घेतलं, तेही ८६६ मेगाहर्ट्झच्या आसपासचं. आपल्याकडे ८६५ ते ८६८चा पट्टा ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतो.

पहिल्या संध्याकाळी निम्मे आकडे गळत होते. तासभर कोड तपासला. मग लक्षात आलं, घाईत ४३३ची अँटेना चढवली होती. दिसायला दोन्ही सारख्याच. ती काढली आणि ८.६ सेंटिमीटरची साधी तार मोजून, कापून डकवली. पाव तरंगलांबी, बस्स. (अँटेना नसताना मात्र मॉड्यूलला पाठवायला लावू नये, आतला अँप्लिफायर जाऊ शकतो.)

तरी गळती उरलीच. सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे हे लोरा सांगतं. ओसरीत तो आकडा उणे ९ डेसिबल, म्हणजे गोंगाटाच्याही खाली. लोराची स्प्रेडिंग फॅक्टर नावाची सेटिंग ७ला असताना साधारण उणे साडेसातपर्यंतच ऐकू येतं. १०ला उणे १५पर्यंत. मी १० केला. किंमत वेळेची: दहा बाइटचं पाकीट आधी ४१ मिलिसेकंदांत जायचं, आता जवळपास २९०. रिमोटवर गाडी चालवायची असती तर हे चाललं नसतं. विहीर पाव तासात कुठं पळून जात नाही.

त्यानंतर भर पावसातही आकडा यायला लागला. मामा चहा पिता पिता बघतात, "सतरा फूट हाय," म्हणतात आणि मोटार लावतात.

परवा त्यांचा फोन आला. "सकाळधरनं आकडा सतरावरच थांबलाय, मोटार तर चालू हाय." रेडिओ पुन्हा रुसला म्हणून मी लोराचं दुसरं मॉड्यूल पिशवीत टाकून निघालो. विहिरीवरचा डबा उघडला. पाकिटं व्यवस्थित जात होती. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये मुंग्यांनी अंड्यांसकट घर केलं होतं.