आरोग्यविषयक माहितीचे बिनपगारी राखणदार

मुलाला तीन दिवस ताप आहे. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी उशिरा हातात पडला आणि त्यावर ‘एनएस१ पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. दवाखाना आता सकाळीच उघडणार. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आपल्याकडच्या अनेक घरांत हा प्रसंग येतो. अशा वेळी हात आपोआप मोबाइलकडे जातो. ‘डेंगी’ असे टाइप केले की समोर येणाऱ्या पहिल्या काही पानांत विकिपीडियाचे पान बहुतेकदा असतेच.

डेंगीच्या तापात ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन ही औषधे टाळावीत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो; तापासाठी पॅरासिटामॉल वापरतात. ही माहिती त्या घराच्या दृष्टीने फार मोलाची आहे. ती नेमकी आणि बरोबर असावी, यासाठी जगभरातील काही माणसे एक पैसाही न घेता राबत असतात. त्यांना विकिपीडियाचे स्वयंसेवी संपादक म्हणतात.

रात्रपाळीतून सुरू झालेले काम

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. कोणीही लिहावे आणि कोणीही दुरुस्त करावे, ही त्याची मूळ कल्पना. वैद्यकीय विषयांसाठी ही कल्पना अनेकांना धोक्याची वाटली आणि त्यात तथ्यही होते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात काम करणारे डॉ. जेम्स हाइलमन यांनी एका निवांत रात्रपाळीत स्थूलतेवरचा लेख उघडला, तेव्हा त्यात त्यांना चुकाच चुका दिसल्या. मात्र तो लेख आपल्यालाही दुरुस्त करता येतो, हेही त्यांच्या लक्षात आले. ते कामाला लागले आणि पुढे वैद्यकीय लेखांवर काम करणाऱ्या संपादकांच्या गटातील एक प्रमुख नाव झाले. त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला डेंगीवरचा इंग्रजी लेख २०१४ मध्ये तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ‘ओपन मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्धही झाला.

अचूकतेचा प्रश्न मात्र जुनाच आहे. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार, तर एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या लेखात सरासरी तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. एवढे खरे की विकिपीडियावरची चूक दिसताक्षणी सुधारता येते. पण त्याच वाटेने नवी चूक आतही येऊ शकते. म्हणूनच तिथे सतत पहारा लागतो.

संपादक नेमके काय करतो?

संपादक म्हणजे मोठमोठे लेख लिहिणारा, असा समज असतो. प्रत्यक्षात बरेचसे काम राखणदारीचे आणि साफसफाईचे असते. प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला याची त्यात नोंद राहते. संपादक आपल्या आवडीचे लेख नजरेखाली ठेवतो. कोणी ‘अमुक काढ्याने डेंगी दोन दिवसांत बरा होतो’ असे वाक्य घुसडले, की तो पुरावा शोधतो आणि नसल्यास बदल परतवतो. एखादे विधान खरे वाटते पण आधार दिलेला नाही, तिथे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतो. मतभेद झाला तर ‘चर्चा’ पानावर वाद होतो. तिथे आवाज चढवून उपयोग नसतो, संदर्भ द्यावा लागतो.

वैद्यकीय मजकुराचे नियम आणखी कडक आहेत. एखाद्या नव्या प्रयोगाची बातमी आधार म्हणून चालत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेले निष्कर्ष, पाठ्यपुस्तके किंवा जागतिक आरोग्य संघटनेसारख्या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे यांना पसंती असते. पपईच्या पानांच्या रसाचे उदाहरण घ्या. हा रस घेतल्यावर प्लेटलेट वाढल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले. पण प्लेटलेटचा आकडा वाढणे आणि गंभीर आजार टळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छोट्या अभ्यासाचा हवाला देऊन ‘रामबाण उपाय’ असे लिहिता येत नाही. पुरावा जेवढा, तेवढेच वाक्य.

हाच नियम डॉक्टरांनाही लागू होतो. तीस वर्षे प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांनी ‘हा माझा अनुभव आहे’ म्हटले, तरी तो संदर्भ ठरत नाही. सुरुवातीला ते अनेकांना खटकते. पण यातून स्वतःचे ज्ञान तपासून पाहण्याची सवय लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील वैद्यकीय महाविद्यालयाने २०१३ मध्ये शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विकिपीडियावरील लेख सुधारण्याच्या कामासाठी अभ्यासक्रमात श्रेयांकही दिले.

मराठीत माणसे हवीत

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याचे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. नवख्याने सराव करायचा ती ‘धूळपाटी’, सर्वांनी मिळून चर्चा करायची ती ‘चावडी’. पण इंग्रजीत एका लेखावर जेवढे डोळे असतात, तेवढे मराठीत नसतात. त्यामुळे चूक झाली तर ती जास्त काळ राहू शकते.

मराठीतले काम वेगळ्या अर्थानेही अवघड आहे. ‘डेंगी’ लिहायचे की ‘डेंग्यू’? दोन्ही रूढ आहेत. एका नावाचा शोध दुसऱ्या पानाकडे वळवून हा प्रश्न सुटतो. ‘रक्तपट्टिका’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे, पण रिपोर्ट हातात घेतलेल्या आईला ‘प्लेटलेट’ कळते. चांगला संपादक दोन्ही देतो. यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चिकटवले तर ‘देऊ नये’चे ‘द्यावे’ होऊ शकते, आणि औषधाच्या बाबतीत एवढा फरक जीवावर बेतू शकतो.

डेंगीबद्दलचा आपल्याकडचा एक मोठा गैरसमज म्हणजे ताप उतरला की धोका टळला. वास्तविक ज्या थोड्या रुग्णांत आजार गंभीर होतो, त्यांच्यात तो बहुधा ताप उतरू लागण्याच्या सुमारासच होतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे, ग्लानी किंवा अस्वस्थता ही धोक्याची लक्षणे आहेत. ती दिसताच रुग्णालय गाठावे लागते. ही चार वाक्ये सोप्या मराठीत, योग्य संदर्भासह असणे, हे कितीतरी घरांच्या उपयोगाचे आहे.

सुरुवात कशी करावी?

- वैद्यकीय पदवी लागत नाही. शुद्धलेखन, सोपी वाक्यरचना आणि तुटलेले संदर्भ दुरुस्त करण्यापासून सुरुवात करता येते.
- आधी धूळपाटीवर सराव करावा. एका वेळी एकच छोटा बदल करावा आणि तो का केला हे थोडक्यात लिहावे.
- पुस्तकातील किंवा वृत्तपत्रातील मजकूर जसाच्या तसा उतरवू नये. माहिती स्वतःच्या शब्दांत लिहावी.
- आपला दवाखाना, औषध किंवा कंपनी यांच्याबद्दल स्वतः लिहिणे टाळावे.
- रुग्णांची नावे, छायाचित्रे किंवा किस्से कधीही टाकू नयेत. औषध किती घ्यावे, असा सल्लाही देऊ नये.
- आपला बदल कोणी परतवला तर रागावू नये. चर्चा पानावर कारण विचारावे.

निवृत्त शिक्षक, परिचारिका, औषधनिर्माते, वैद्यकीय विद्यार्थी अशा कोणालाही आठवड्यातून एखादा तास यासाठी देता येईल.

आणि जे केवळ वाचक आहेत, त्यांनीही एक सवय लावून घ्यावी. आरोग्याविषयीचे विधान वाचल्यावर त्यापुढचा छोटा आकडा दाबून संदर्भ कोणता आहे ते पाहावे. संदर्भच नसेल तर त्या विधानावर विसंबू नये. विकिपीडिया डॉक्टरांची जागा घेत नाही, तसा त्याचा दावाही नाही. मात्र सकाळी दवाखाना उघडेपर्यंत घरातल्यांनी चुकीची गोळी देऊ नये आणि धोक्याचे लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये, एवढे काम एक नीट तपासलेले वाक्य नक्कीच करू शकते.