मोटारसायकलवरचे बधिर पाय

मुंबईहून मोटारसायकलने निघालेला माणूस सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर अंतर तोडून रत्नागिरीला पोहोचतो आणि तेथून गणपतीपुळ्याकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता धरतो. आरे आणि वारे यांच्यामधल्या चढावर डाव्या हाताला खाली समुद्र दिसू लागला की बहुतेक जण गाडी थांबवतात. पण उतरल्यावर आधी समुद्र पाहिला जात नाही, आधी पाय आपटले जातात. तळव्यांना मुंग्या आलेल्या असतात, पोटऱ्यांना रग लागलेली असते आणि बोटे जणू दुसऱ्याच कोणाची असावीत अशी वाटतात. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. तो किती दाबला गेला हे ज्या तळव्याला कळायला हवे, तोच बधिर झालेला असतो, आणि पुढे वळणावळणाचा उतार असतो.

यावर उपाय म्हणून नेहमीच्या गोल फूटरेस्टच्या जागी रुंद, सपाट फूटबोर्ड बसवून घेतात. ते तयार विकत मिळतात; कोणी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतात. त्यांनी खरोखर काय साधते आणि त्याची किंमत कोठे मोजावी लागते, हे शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे बऱ्याच अंशी सांगता येते.

पहिले उत्तर कोणताही विद्यार्थी देईल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ वाढले की दाब कमी. ते तपासून पाहू. ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस बसलेला असताना मांडीचा बहुतेक भार सीटवर जातो. गुडघ्याखालचा पाय शरीराच्या वजनाच्या साधारण ६ टक्के असतो. त्यात मांडीचा थोडा भाग मिळवून फूटरेस्टवर ५ किलोग्रॅम भार येतो असे धरू. गोल फूटरेस्ट तळव्याला सुमारे २ सेंटिमीटर रुंद आणि ८ सेंटिमीटर लांब एवढ्याच पट्ट्यात टेकतो. म्हणजे १६ चौरस सेंटिमीटर, आणि दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलोग्रॅम.

आता हाच माणूस जमिनीवर उभा करा. दोन तळव्यांचे टेकणारे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर दाब ०.३५ येतो. म्हणजे जवळजवळ तेवढाच! मग उभ्या माणसाचे पाय बधिर का होत नाहीत? येथे 'दाब कमी, आराम जास्त' हे सोपे उत्तर अपुरे पडते.

एक कारण जागेचे आहे. टाच आणि बोटांमागचा चवडा या भागांना चरबीची जाड गादी असते, कारण चालताना भार तेथेच यायचा असतो. मधल्या कमानीला तशी गादी नाही, आणि तिच्याखालून शिरा व चेतातंतू जातात. फूटरेस्ट नेमका या कमानीखाली येतो.

दुसरे आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे अचलता. त्वचेतील केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.०४ किलोग्रॅम असतो. बाहेरचा दाब त्याहून बराच जास्त झाला की त्या मिटतात. उभ्या माणसातही त्या मिटतात, पण तो नकळत भार या पायावरून त्या पायावर, टाचेवरून चवड्यावर हलवत राहतो आणि त्या पुन्हा उघडतात. शिवाय पायातले रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. स्नायू आकसला की आतल्या शिरा पिळल्या जातात आणि शिरांमधल्या झडपांमुळे रक्त वरच्याच दिशेने जाते. पाय हलला नाही तर हा पंप बंद राहतो. कवायतीत 'सावधान'मध्ये ताटकळलेल्या मुलाला भोवळ येते, त्यामागेही हेच असते. गोल दांड्यावर पाय ठेवायला एकच जागा असते. तो हलवला तर निसटतो.

फूटबोर्डाचा खरा फायदा येथे आहे. पाऊल पुढे सरकवता येते, मागे घेता येते, टाचेवर भार देऊन चवडा उचलता येतो, घोटा फिरवता येतो. दाबही कमी होतो. १५० चौरस सेंटिमीटरवर ५ किलोग्रॅम म्हणजे ०.०३३, केशवाहिन्यांच्या दाबाहून किंचित कमी. अर्थात हा सरासरीचा हिशेब झाला. तळवा काही सगळीकडे सारखा टेकत नाही. जाता जाता सांगायला हवे की सर्वांत स्वस्त फूटबोर्ड दुकानात चपलांच्या फळीवर असतो. कडक, न वाकणाऱ्या तळाचा बूट गोल फूटरेस्टचा भार आपोआप टाचेपर्यंत पसरवतो. पातळ रबरी सँडल घालून दूर जाणाऱ्याने आधी हा प्रयोग करावा.

आता कंपनांकडे वळू. जुन्या ३५० सी.सी. बुलेटच्या एकाच सिलिंडरमध्ये पिस्टन ९० मिलिमीटर खालीवर होतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे होतात. टोकाला पिस्टनचे त्वरण किती? अर्ध्या धावेला, म्हणजे ०.०४५ मीटरला, कोनीय वेगाच्या वर्गाने (३१४ चा वर्ग) गुणले की सेकंदवर्गाला सुमारे ४,४०० मीटर येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या साडेचारशे पट. पिस्टन आणि त्याच्याबरोबर हलणारा भाग ४०० ग्रॅम धरला, तर बल सुमारे १,८०० न्यूटन होते. क्रँकवरचे प्रतिवजन त्यातले साधारण निम्मे खोडते, पण तेवढेच आडव्या दिशेने नवे निर्माण करते. उरलेले हे बल सेकंदाला ५० वेळा चौकटीतून तळव्यांपर्यंत येते. २०२० साली आलेल्या मीटिओर ३५० च्या इंजिनात यासाठी उलट फिरणारा संतुलक दांडा आहे, त्यामुळे तिथे हा त्रास पुष्कळ कमी झाला.

फूटबोर्डाखाली रबरी बुश घातले की कंपने थांबतात असा सर्वसाधारण समज आहे. ते रबराच्या मऊपणावर अवलंबून आहे. रबरावर ठेवलेल्या भाराला स्वतःची एक नैसर्गिक कंप्रता असते. भाराने रबर जितके दबते त्यावरून ती काढता येते. दबलेले अंतर मिलिमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गमुळाने १५.८ ला भागावे. रबर १ मिलिमीटर दबले, तर कंप्रता १५.८ हर्ट्झ. इंजिनाची ५० हर्ट्झ तिच्या तिपटीहून जास्त असल्याने कंपने सुमारे एक नवमांशच पोहोचतात. पण रबर कडक असून फक्त ०.१ मिलिमीटर दबले तर? कंप्रता ५० हर्ट्झ येते, इंजिनाएवढीच! झोपाळ्याला त्याच्याच लयीत ढकलावे तसे घडते, म्हणजे संस्पंदन होते आणि बोर्ड मूळ फूटरेस्टपेक्षा अधिक थरथरतो. प्रत्यक्षात रबर थोडी ऊर्जा शोषते आणि जलद कंपनांना जास्त ताठ वागते, त्यामुळे आकडे बदलतात; पण दिशा हीच राहते. सूत्रावरून दिसेल की त्याच रबरावर बोर्ड जड केला तर कंप्रता उतरते. वजनाने हलका म्हणून कौतुकाने घेतलेला ॲल्युमिनियमचा पातळ बोर्ड म्हणूनच कधी कधी निराशा करतो.

फूटबोर्ड आपल्याला नवा नाही. १९७२ साली आलेल्या बजाज चेतक स्कूटरला तो होताच. मोटारसायकलवरही मागे एका बाजूस बसणाऱ्या बाईंसाठी साडीगार्डाला जोडलेली, दोन्ही पावले मावतील अशी पट्टी असते. चालवणाऱ्याच्या वाट्याला मात्र दोन दांडे! त्याचे कारण रचनेत आहे. स्कूटरचे इंजिन मागे असल्याने पायांपुढची मधली जागा मोकळी राहते आणि बोर्ड मध्यरेषेजवळ बसतो. मोटारसायकलच्या मध्यभागी इंजिन असते. बोर्ड त्याच्या बाहेर काढावा लागतो. आणि बाहेर काढलेली वस्तू वळणावर जमिनीला आधी टेकते.

हे गणित दहावीच्या मुलांना करता येईल. वळणावर गाडी किती कलते? कोनाची टॅन्जंट किंमत म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले गुरुत्वत्वरण. टायर पातळ धरले तर बोर्डाची बाहेरची कड जेव्हा टेकते, तेव्हा त्याच कोनाची टॅन्जंट म्हणजे कडेची उंची भागिले मध्यरेषेपासूनचे अंतर. समजा फूटरेस्टचे टोक ३० सेंटिमीटर उंच आणि ३५ सेंटिमीटर दूर आहे. कोन सुमारे ४१ अंश. फूटबोर्डाची कड २२ सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर दूर. कोन २९ अंश. वारेच्या घाटीत ३० मीटर त्रिज्येचे वळण आले असे धरा. फूटरेस्ट ताशी ५७ किलोमीटरला टेकेल, बोर्ड ४६ लाच. बिजागरीचा फूटरेस्ट टेकल्यावर वर दुमडतो. पक्का वेल्ड केलेला बोर्ड दुमडत नाही. तो तरफेसारखा मागचे चाक उचलू शकतो. म्हणून बिजागरी नसलेला बोर्ड घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या रस्त्यावर मात्र गोष्ट वेगळी. घर्षणांक ०.४ वर आला तर २२ अंशांनाच टायर घसरते, बोर्ड टेकायची वेळच येत नाही. पावसात बोर्डाचा दोष निराळाच असतो. गुळगुळीत पत्र्यावर पाणी साचून बूट सरकतो, म्हणून रबरी कंगोरे आणि पाणी जायला भोके हवीत.

ब्रेकचेही पाहावे. फूटरेस्टवर चवडा ब्रेकच्या पट्टीजवळच असतो. बोर्डावर पट्टी पावलाच्या वर येते; पाय उचलून ती शोधावी लागते. त्यात ०.३ सेकंद गेले, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी चार मीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे बोर्ड बदलताना ब्रेकची आणि गिअरची पट्टी नव्याने जुळवून घेणे आलेच. वाहनाच्या नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार मनाने करता येत नाहीत, हेही लक्षात असावे.

वर्गासाठी शाळेच्या पटांगणातली कोणतीही मोटारसायकल चालेल. सरळ उभी धरून फूटरेस्टच्या टोकाची उंची आणि मध्यरेषेपासूनचे अंतर टेपने मोजावे. मग दोन माणसे बसवून पुन्हा मोजावे. स्प्रिंगा दबतात आणि उंची कमी भरते. वरच्या उदाहरणात बोर्डाची उंची २२ ऐवजी १९ सेंटिमीटर झाली, तर कोन २५ अंशांवर येतो आणि त्याच वळणावरचा वेग ताशी ४६ वरून ४३ किलोमीटरवर.