डब्यापर्यंत पोचणारा हात

अमेरिकेतल्या शहरांत १८६३ पासून टपाल घरपोच मिळू लागले, पण शेतावर राहणाऱ्यांचे पोस्टातले हेलपाटे चालूच राहिले. १ ऑक्टोबर १८९६ रोजी वेस्ट व्हर्जिनियात चार्ल्स टाऊन आणि शेजारच्या दोन गावांतून ग्रामीण बटवड्याचा प्रयोग सुरू झाला. १९०२ मध्ये ही सेवा कायम झाली. टपाल खात्याने पोस्टमन नेमले, वाहन मात्र दिले नाही. घोडा, गाडी, चारा, नाल ठोकणे, सगळे पोस्टमनच्याच पदरचे.

दिवसाची फेरी वीस-पंचवीस मैलांची. सुरुवातीच्या उघड्या बग्गीत पावसाने पत्रे भिजत, म्हणून खास टपालगाड्या निघाल्या. गाडी म्हणजे चाकांवरची छोटी खोलीच होती. बाजूला सरकते दार, समोर पत्रांचे खण, लगाम बाहेर सोडायला पुढच्या फळीत फट आणि काही गाड्यांत पायाशी शेगडीही. बर्फ पडला की चाकांऐवजी घसरगाडी.

शेतकरी रस्त्याकडेला खांबावर चरबीचे किंवा पाकाचे रिकामे डबे टांगत. १९१५ मध्ये रॉय जोरोलमन या टपाल खात्यातल्या अभियंत्याने बोगद्यासारख्या पाठीचा पत्र्याचा डबा आखून दिला. पोस्टमनने खाली न उतरता हात लांबवून पत्र टाकावे, अशा बेताने डबे रस्त्याच्या उजव्या कडेला उभे राहिले. गाडी कोणतीही असो, हात डब्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न पुढे कायम राहिला.

१९१३ मध्ये पार्सलसेवा आली आणि ओझे वाढले. त्याच सुमारास फोर्डची मॉडेल टी पोस्टमनच्या आवाक्यात येत होती. तरी चिखलापुढे मोटार हात टेकी. म्हणून उन्हाळ्यात मोटार आणि थंडीत घोडा अशी दुहेरी सोय अनेकांनी ठेवली. काहींनी पुढची चाके काढून तिथे लाकडी पट्ट्या आणि मागे साखळपट्टे बसवून मोटारच बर्फावर चालवली.

खरी पंचाईत मोटारीत बसल्यावर कळली. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि स्टीअरिंग डावीकडे असते. डबा मात्र उजवीकडे. मग पोस्टमन उजव्या बाजूला सरकून बसे, डावा हात स्टीअरिंगवर, डावा पाय लांबवून ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि उजव्या हाताने खिडकीतून पत्रे टाकी. दिवसभर अशी कसरत केल्यावर कमरेचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको. पुढची सीट बाकासारखी सलग होती तोवर हे जमले. दोन सीटांमध्ये गिअर आणि कप्पे आल्यावर तेही अवघड झाले. काहींनी उजवीकडे जादा पेडल बसवून घेतली. काहींनी उजव्या स्टीअरिंगच्या, म्हणजे भारतात रोज दिसतात तशा, जीप आणि सुबारू शोधून काढल्या. जुन्या जपानी गाड्याही याच कारणासाठी समुद्र ओलांडून आल्या.

पुढे खात्याने स्वतःची गाडीही आणली. ग्रुमन कंपनीची ही गाडी १९८७ ते १९९४ या काळात लाखाहून अधिक संख्येने बनली. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, स्टीअरिंग उजवीकडे, वातानुकूलन नाही. चोवीस वर्षे टिकावी म्हणून केलेली ही गाडी त्याहून कितीतरी जास्त राबली. ग्रामीण फेऱ्यांवरही ती दिसू लागली. तिच्या जागी येणाऱ्या ऑशकॉश कंपनीच्या उंच काचेच्या, वातानुकूलित गाड्या २०२४ पासून रस्त्यावर येत आहेत. तरी अनेक ग्रामीण फेऱ्यांवर पोस्टमन आजही स्वतःचीच मोटार आणतो. टपावर पिवळा दिवा लावतो आणि वाहनखर्चाचा भत्ता घेतो.